तन्वीच्या पोटात खरंच काहीतरी होतं

डॉक्टरांनी मॉनिटर आमच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "ये देखिए."

पडद्यावर गुलाबी, ओलसर बोगद्यासारखं काहीतरी होतं. त्याच्या भिंतीवर पांढरट खड्डे होते, कडेनं लालभडक. तोंड आलं की गालाच्या आत दिसतात ना, तसे. आधी एक, पुढच्या चित्रात आणखी दोन, आणि मग एके ठिकाणी नुसती रांगच.

"ये मेरा है?" तन्वीनं विचारलं.

"हाँ बेटा. ये तुम्हारी छोटी आँत है. और ये जो घाव दिख रहे हैं, इन्हीं की वजह से दर्द होता है."

तन्वी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं पुढे होऊन पडद्यावरच्या त्या रांगेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आई, म्हणजे खरंच होतं."

डॉक्टर पुढे आजाराचं नाव सांगत होत्या. क्रोन्स डिसीज. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच आतड्यांवर उलटते, तिथे सूज येते, जखमा होतात. पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी आटोक्यात राहतो. खरं तर हे ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकायला हवी होती. तसं काही झालं नाही. मला संताप आला. गेल्या सव्वा वर्षात ज्यांनी ज्यांनी "कुछ नहीं है" म्हणून आम्हाला घरी पाठवलं, त्या सगळ्यांना धरून त्या पडद्यासमोर उभं करावं असं वाटलं.

हे मी लिहिते आहे ते अशा आईबापांसाठी, ज्यांचं मूल रोज पोट धरून बसतं आणि ज्यांना रोज कुणीतरी शहाणं सांगतं की मूल नाटक करतंय.

आम्ही मूळचे पुण्याचे, आता मयूर विहारमध्ये राहतो. माझा नवरा निखिल नोएडाला आयटी कंपनीत आहे, मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात. तन्वीचा जन्म इथलाच. ती घरात मराठी बोलते, पण दिल्लीच्या मुलांचं जे होतं तेच तिचंही झालंय. रोजच्या वापरातले शब्द येतात, बाकीचे गळून गेलेत. पोट दुखायला लागलं तेव्हा मी तिला विचारलं, "कळ येते का गं? की ठणकतं? की मुरडा येतो?" तिनं उलट विचारलं, "कळ म्हणजे?" तिच्याकडे या सगळ्याला एकच शब्द होता, "दुखतंय." आणि नुसतं "दुखतंय" कुणालाच पुरत नाही, हे आम्हाला लवकरच कळायचं होतं.

सुरुवात झाली वार्षिक परीक्षेच्या सुमारास. शाळेतून घरी आली की सोफ्यावर पोटाशी गुडघे घेऊन पडायची. बेंबीच्या आसपास दुखायचं. अर्ध्या-पाऊण तासानं उठायची, पुन्हा नीट. तोंड सारखं यायचं. मधूनच संध्याकाळी अंग कोमट लागायचं, थर्मामीटर लावला तर ताप जेमतेम.

पहिले डॉक्टर आमच्या सोसायटीजवळचे. त्यांनी जंतांचं औषध दिलं. मग दुसऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, गॅस. दूध बंद करा. दूध बंद केलं. मग गहू बंद केला, कारण ऑफिसातल्या एका बाईंच्या भाचीला गव्हाची ॲलर्जी निघाली होती. तन्वीच्या रक्ताची गव्हासाठीची चाचणी केली, तीही नॉर्मल. पुण्याहून सासूबाई फोनवर सांगायच्या, बेंबीभोवती हिंगाचं पाणी लाव. शेजारच्या आंटी म्हणायच्या, अजवाइन, म्हणजे ओवा. मी सगळं केलं. ज्यानं जे सांगितलं ते केलं, आणि तरीही प्रत्येक जण मला असं विचारायचा की जणू मी काहीच करत नव्हते.

तिसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्टात लिहून आलं, मेझेंटेरिक लिम्फ नोड्स, म्हणजे आतड्यांजवळच्या गाठी, थोड्या सुजलेल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट एकदा वर, एकदा खाली बघितला आणि म्हणाले, "टीबी की दवाई शुरू कर देते हैं. छह महीने का कोर्स है."

मी विचारलं, "टीबी है, ये कैसे तय हुआ? और कोई टेस्ट?"

"मैडम, यहाँ तो ज़्यादातर यही निकलता है. आप डॉक्टर हैं?"

नाही, मी डॉक्टर नाही. पण सहा महिने रोज मूठभर औषधं पोरीच्या पोटात ढकलायची, तर ती कशासाठी हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. आम्ही तिथून उठलो. खाली येईपर्यंत निखिल आणि मी भांडलो. त्याचं म्हणणं, सुरू करून टाकू, होऊन जाईल. त्याचं प्रत्येक गोष्टीत "होऊन जाईल" असतं. इतर वेळी मला तेच आवडतं, त्या दिवशी आवडलं नाही. पुढे आणखी एका डॉक्टरांनी सांगितलं की अशा छोट्या गाठी धडधाकट मुलांमध्येही दिसतात, नुसत्या त्यांच्यावरून काही ठरवायचं नसतं. ते ऐकल्यावर निखिल म्हणाला, "चल, बरं झालं थांबलो." थांबलो म्हणे. बोलण्यासारखं खूप होतं.

दरम्यान शाळा. तन्वीचे खाडे वाढले. आम्हाला बोलावणं आलं. काउन्सेलर मॅडम अतिशय गोड बोलत होत्या. "पेट दर्द बच्चों में बहुत बार इमोशनल होता है. घर पे सब ठीक है ना?" मी म्हटलं, ठीक आहे. त्यांनी डोकं एका बाजूला झुकवलं. त्या झुकवण्याचा अर्थ असा, की जे "ठीक आहे" म्हणतात त्यांच्याच घरी ठीक नसतं. मी चिडून काही बोलले असते तर ते त्यांच्या पथ्यावरच पडलं असतं, म्हणून मी हसले. जबडा दुखेपर्यंत हसले.

मुलांचं पोट मनामुळे दुखूच शकत नाही, असं माझं म्हणणं नाही. दुखतं, पुष्कळांचं दुखतं, आणि तेही खरंच असतं. माझं म्हणणं इतकंच, की न बघता कसं ठरवता?

त्यानंतर एक गोष्ट झाली. तन्वीनं दुखतंय म्हणणं बंद केलं. आठवडा गेला, मग आणखी एक. सगळे खूश. शाळेत खाडे नाहीत. निखिल म्हणाला, बघ. मग एका रविवारी दुपारी ती बाथरूममधून बराच वेळ बाहेर येईना. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कमोडचं झाकण लावून ती त्यावर बसली होती, पुढे वाकून, मूठ पोटात रुतवून, डोळे मिटलेले. घामानं केस कपाळाला चिकटले होते. तोंडातून आवाज नाही.

"अगं, सांगायचं नाही का?"

"सांगून काय होतं?" ती म्हणाली.

अकरा वर्षांच्या मुलीनं हे वाक्य असं सहज म्हणावं? मी तिथेच टबाच्या काठावर बसले आणि कळ ओसरेपर्यंत तिची पाठ चोळत राहिले.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये नवीन इयत्तेचा युनिफॉर्म घ्यायला गेलो. दुकानदारानं मागच्या वर्षीचा स्कर्ट तिच्या कमरेला लावून बघितला आणि म्हणाला, "यही तो फिट है, नया क्यों ले रहे हो?" निखिल हसला. मला हसू आलं नाही. या वयात पोरी वर्षभरात किती वाढतात. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी माझ्या खांद्याला लागल्या होत्या, आणि हिची लांबी तीच, कंबर तीच. उलट स्कर्ट थोडा सैल होता. दुकानातूनच मी एका मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला आणि विचारलं, तुमच्याकडे फक्त मुलांचे पोटाचे डॉक्टर आहेत का. होत्या. पीडियाट्रिक गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट. तारीख मिळाली जवळजवळ महिन्याभरानंतरची.

त्या हॉस्पिटलच्या प्रतीक्षागृहाबद्दल मी एक स्वतंत्र प्रकरण लिहू शकेन. टोकनचा बोर्ड एका आकड्यावर अडकलेला. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला "बस पाँच मिनट" सांगणारी. आणि तिथे आईला नाव नसतं. शिपाई, नर्स, टेक्निशियन, सगळ्यांसाठी मी "मम्मी." "मम्मी, इधर साइन." "मम्मी, बाहर बैठिए." "मम्मी, पैनिक मत कीजिए." मी पॅनिक करत नव्हते, मी फक्त विचारत होते की सकाळच्या वेळेची अपॉइंटमेंट दुपारी जेवणाच्या वेळी का. निखिलला मात्र सगळे "सर" म्हणायचे.

पण आत बसलेल्या डॉक्टर वेगळ्या निघाल्या. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं आणि मग म्हणाल्या, "अब ये बताएगी." तन्वीला विचारलं, दुखतं तेव्हा कसं वाटतं? तन्वीनं सवयीनं "बस, दर्द" म्हटलं. त्या थांबल्या. घाई केली नाही. बाहेर टोकनवाले ताटकळत असताना त्या खरोखर गप्प बसून राहिल्या. मग तन्वी म्हणाली, "जैसे कोई अंदर से तौलिया निचोड़ रहा है. खाने के बाद."

कुणीतरी आतून टॉवेल पिळतंय. मी वर्षभर "कळ" शिकवत बसले होते आणि पोरीकडे स्वतःचे शब्द होते. फक्त तेवढा वेळ कुणी दिला नव्हता.

डॉक्टरांनी तिची उंची आणि वजन मोजलं, जुन्या लसीकरणाच्या कार्डावरचे आकडे घेतले आणि सगळे ठिपके जोडून आम्हाला आलेख दाखवला. रेघ छान वर चढत होती आणि गेल्या वर्षापासून आडवी झाली होती. "ये मुझे पसंद नहीं आ रहा," त्या म्हणाल्या. सव्वा वर्षात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला काहीतरी पसंत पडलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी, सूज दाखवणारे आकडे वाढलेले. शौचाची एक तपासणी झाली, फीकल कॅल्प्रोटेक्टिन. आतड्यात कुठे सूज असली की हा पदार्थ शौचात वाढतो. तो खूपच वाढलेला होता. मग तिला भूल देऊन दोन्ही बाजूंनी दुर्बीण घातली. तोंडातून घालतात ती एंडोस्कोपी, खालून घालतात ती कोलोनोस्कोपी. दोन्ही नॉर्मल. एमआरआय काढला, त्यातही ठळक काही नाही, कुठे अरुंद झालेलं आतडं दिसलं नाही.

"नॉर्मल" या शब्दाचा मला इतका तिटकारा आला आहे की काय सांगू. घरच्यांचे फोन आले, "चला, सगळं नॉर्मल आलं, सुटलो." ऑफिसात पेढे मागितले. इकडे पोर जेवणानंतर पोट धरून बसलेली.

मी डॉक्टरांना हेच म्हटलं, जरा चढ्या आवाजात. त्या शांतपणे म्हणाल्या, "नॉर्मल का मतलब सिर्फ़ इतना है कि जहाँ तक हमने देखा, वहाँ तक नॉर्मल." मग कागदावर आतड्यांचं चित्र काढून समजावलं. वरची दुर्बीण लहान आतड्याच्या तोंडापर्यंत जाते. खालची मोठं आतडं ओलांडून लहान आतड्याचं जेमतेम शेवटचं टोक बघते. मधलं कित्येक फूट लांबीचं वेटोळं दोघींनाही दिसत नाही. त्यासाठी कॅप्सूल एंडोस्कोपी. एक कॅप्सूल गिळायची, तिच्यात कॅमेरा आणि दिवा असतो. ती अन्नासारखीच पुढे सरकत जाते आणि आतले फोटो काढत राहते. कमरेला पट्टा बांधतात, त्यातल्या यंत्रात फोटो साठतात. कॅप्सूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शौचावाटे बाहेर. भूल नाही, सुई नाही.

"एक ही रिस्क है," त्या म्हणाल्या. "अंदर कहीं रास्ता तंग हो तो अटक सकती है." म्हणून आधी त्याच आकाराची एक खोटी कॅप्सूल गिळायची. ती अडकली तर दीड-दोन दिवसांत आपोआप विरघळते. ती नीट बाहेर पडली, तरच खरी द्यायची.

ऐकायला सगळं सोपं. अडचण एवढीच, की तन्वीला साधी तापाची गोळीसुद्धा गिळता येत नव्हती. आजपर्यंत प्रत्येक गोळी चमच्यात चुरून, मधातून. आणि कॅप्सूल खजुराच्या बीएवढी.

मग आमच्या घरी गिळण्याची शिकवणी सुरू झाली. आधी बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. मग चॉकलेटच्या बटणासारख्या गोळ्या, ज्या ती गिळायच्या ऐवजी चावून खायची आणि म्हणायची, "सॉरी, चुकून." मग केमिस्टकडून आणलेल्या रिकाम्या कॅप्सूल. निखिलनं प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. तोंडात कॅप्सूल टाकली, मान मागे केली, पाणी प्यायला, आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. तन्वी हसून हसून लोळली. मी त्याच्या पाठीवर गुद्दे मारत होते, थोडे गरजेपेक्षा जोरात. शेवटी फोनवर डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, मान मागे नाही, पुढे घालायची. कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते. मान खाली घातली की आपणच घशाकडे जाते. हे आधी कुणी सांगायला काय हरकत होती?

खोटी कॅप्सूल तिनं बऱ्याच खटपटीनंतर गिळली, आणि ती बाहेरही पडली. ते तपासण्याचं काम कुणाचं होतं हे मी लिहीत नाही. ज्यांच्यावर वेळ येईल त्यांनी प्लॅस्टिकची जुनी गाळणी हाताशी ठेवावी, एवढंच सांगते.

खऱ्या कॅप्सूलच्या आदल्या दिवशी पातळ पदार्थ आणि पोट साफ करायचं औषध. सकाळी उपाशीपोटी हॉस्पिटल. पोटावर पट्टा, खांद्यावर यंत्राची पिशवी. टेक्निशियननं डबीतून कॅप्सूल काढली तशी ती लुकलुकायला लागली. तन्वीनं ती तोंडात घेतली. गाल आतून उजळल्यासारखे वाटले. पाण्याचा घोट. कॅप्सूल तळहातावर. पुन्हा तोंडात. पुन्हा तळहातावर. टेक्निशियन घड्याळाकडे बघायला लागला, "बैटरी चल रही है, मम्मी." नर्स म्हणाली, "शाबाश, हो जाएगा." निखिल म्हणाला, "मान खाली, मान खाली." मी म्हटलं, "तुम्ही सगळे जरा गप्प बसाल का?" टेक्निशियन म्हणाला की नाहीच जमलं तर भूल देऊन दुर्बिणीनं आत सोडावी लागेल, तारीख पुन्हा घ्या.

तन्वीनं कॅप्सूल मुठीत धरली. मला वाटलं, आता रडणार. पण ती म्हणाली, "सब लोग बाहर जाओ. मम्मी भी."

"अगं पण..."

"आई, तुम्ही सगळे बघताय म्हणून जात नाहीये."

डॉक्टर तोवर आल्या होत्या. त्यांनी मान हलवली, आणि आम्हाला खरोखर बाहेर काढलं. आत त्या एकट्याच राहिल्या, तिच्याकडे पाठ करून, असं नंतर तन्वीनं सांगितलं. मी दाराबाहेर उभी. सव्वा वर्ष हिच्यासाठी धावते आहे आणि ऐन वेळी मलाच हाकललं, असा राग एकीकडे येत होता आणि दुसरीकडे मी मनातल्या मनात घोट घेत होते, गिळत होते. दार उघडलं. तन्वी पट्टा सावरत बाहेर आली. "गेली," म्हणाली, जणू बस गेली.

दिवसभर आम्ही घरी होतो. काही तासांनी हलकं खायची परवानगी मिळाली. सोसायटीतल्या मुलांना तिनं पट्टा दाखवला, "मेरे पेट में शूटिंग चल रही है." संध्याकाळी यंत्र परत केलं. त्यानंतरच्या दिवसांत गाळणीची ड्यूटी पुन्हा लागली, आणि कॅप्सूल नेमकी शाळेत बाहेर पडली असावी, कारण घरी ती कधी दिसलीच नाही. मग ती खरंच बाहेर गेली का हे बघायला एक्सरे. एक्सरे स्वच्छ होता.

फोटो हजारो असतात आणि ते एकेक बघायला माणूस लागतो. ते बघणारे डॉक्टर कॉन्फरन्सला गेले होते. "मंडे को आइए." सोमवारी गेलो, तर बुधवार. बुधवारी म्हणाले, रिपोर्ट तयार आहे, सही बाकी आहे. मी काउंटरवर म्हटलं, "सही करणाऱ्याचं पोट दुखत नाहीये, म्हणून चाललंय हे." मराठीत म्हटलं, त्यामुळे कुणाला कळलं नाही. निखिलला कळलं. या वेळी तो "होऊन जाईल" म्हणाला नाही. तो पुढे होऊन काउंटरवर कोपर टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "हम यहीं बैठे हैं." संध्याकाळी आम्हाला आत बोलावलं आणि मॉनिटर आमच्याकडे वळला.

फोटोंवरून क्रोन्स वाटलं तरी टीबीही तशाच जखमा करू शकतो, म्हणून खात्री करायला लांब दुर्बिणीनं मधल्या आतड्यापर्यंत जाऊन तुकडे घेतले, म्हणजे बायॉप्सी. ते उत्तर यायला आणखी दिवस गेले. टीबी निघाला नाही. ज्या औषधांचा कोर्स "शुरू कर देते हैं" होता, तो तिच्या कामाचाच नव्हता.

एक गोष्ट डॉक्टरांनी मला निक्षून सांगितली आणि मीही ती इथे सांगते. पोट दुखणाऱ्या प्रत्येक मुलाला ही तपासणी लागत नाही, बहुतेकांना नाहीच लागत. पण मूल वाढत नसेल, वजन घटत असेल, तोंड सारखं येत असेल, बारीक ताप राहत असेल, शौचातून रक्त जात असेल, दुखण्यानं झोपेतून जागं होत असेल, तर "कुछ नहीं है" यावर समाधान मानू नका. वाईटपणा घ्या. तुम्हाला "मम्मी, पैनिक मत कीजिए" म्हणतील. म्हणू देत.

उपचाराची सुरुवात औषधांनी नाही, अजबच प्रकारे झाली. दीड-दोन महिने फक्त एक ठरावीक पौष्टिक पेय, बाकी काही नाही. पोळी नाही, भात नाही, बिस्किटसुद्धा नाही. आतड्याला विसावा मिळतो आणि जखमा भरतात, मुलांमध्ये याचा चांगला उपयोग होतो, असं डॉक्टर म्हणाल्या. आम्ही दोघं चोरासारखे जेवायचो. फोडणी द्यायची तर स्वयंपाकघराचं दार लावून. वाढदिवसांची आमंत्रणं नाकारली. एका काकूंनी "एक गुलाबजाम से क्या होता है" म्हणत तिच्या तोंडाशी चमचा नेला, तेव्हा तन्वीनंच तोंड फिरवलं आणि म्हणाली, "आंटी, मुझे क्रोन्स है." एवढ्या ठामपणे, की काकूंनी चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

हळूहळू टॉवेल पिळणं थांबलं. आकडे उतरले. रोजचं एक औषध सुरू झालं, ते चालू राहणार आहे. पुढे पुन्हा उचल खाऊ शकतं, हेही सांगितलंय. मी ते मान्य केलंय, म्हणजे आठवड्यातले बरेचसे दिवस मान्य करते.

त्या डॉक्टरांचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. एकदा मिठाई घेऊन गेले, तर टोकन बोर्ड अजून त्याच आकड्यावर अडकलेला आणि आत जायला दोन तास. तरी बसले. आत गेल्यावर म्हटलं, तुम्ही तिचं वाक्य पुरं होऊ दिलंत. त्या जरा गोंधळल्या. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नसावं.

गेल्या शनिवारची गोष्ट. खाणं केव्हाच सुरू झालं होतं, पण ती चिमणीसारखी टिपायची. त्या दिवशी दुपारी दोन पोळ्या आणि वरणभात जेवली. तासाभरानं आली, "आई, भूक." केळं दिलं. मी ऑफिसचं काम काढून बसले होते. थोड्या वेळानं पुन्हा, "आई, काहीतरी दे ना, यार." पोहे केले. कढई विसळून लॅपटॉप उघडते तोवर ती दारात उभी.

"आई, अजून भूक लागलीय."

"अगं आत्ता तर खाल्लंस! मला कामं नाहीत का? पोट आहे की काय आहे?"

मी ओरडले आणि तशीच थांबले. ती हसत दाराला टेकून उभी होती, दोन्ही हात मोकळे, पाठ ताठ. मी पुन्हा गॅस पेटवला.